कासचा तेरडा आणि मागचे डोंगर: फोकस स्टॅकिंग कुठे बिघडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कास पठारावर तेरड्याची फुलं अगदी पुढ्यात, साधारण ३० सेंटिमीटरवर, आणि मागे डोंगररांग. फुलफ्रेम २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २४ मिमी लेन्स, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितकं छिद्र बारीक), ट्रायपॉड. फुलापासून डोंगरापर्यंत सगळं शार्प यावं म्हणून फोकस स्टॅकिंग केलं, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक फोटो बनवला. तीन फ्रेम घेतल्या: एक फुलांवर फोकस करून, एक साधारण मीटरभरावरच्या गवतावर, एक डोंगरावर. फोटोशॉपमध्ये ऑटो-अलाइन आणि ऑटो-ब्लेंड केलं, तर फुलांभोवती धूसर कडा आली, मधल्या गवतात आडवे धूसर पट्टे राहिले आणि काही फुलं दुहेरी दिसायला लागली. तुम्ही विचारलंय की फोटोशॉप सोडून दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का, आणि आहेत त्या फ्रेम वाचतील का.

सॉफ्टवेअर बदलून यातला फारच थोडा भाग सुटेल. तुम्ही एक आजार म्हणून सांगताय ते खरं तर तीन आजार आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. पट्टे राहिले कारण मधल्या अंतरांवर फोकस केलेली फ्रेमच नाही. धूसर कडा लेन्सच्या भूमितीतून येते. दुहेरी फुलं वाऱ्यामुळे. तिन्हींचा बंदोबस्त पठारावरच करावा लागतो, कॉम्प्युटरवर फक्त शेवटचा हात फिरतो. म्हणून आधी फ्रेमचं बोलतो, सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ.

पट्ट्यांपासून सुरुवात करू, कारण त्याचं गणित सरळ आहे. हायपरफोकल अंतर म्हणजे जिथे फोकस केला की अनंतापर्यंतचं सगळं शार्प धरता येतं असं सगळ्यात जवळचं अंतर. ते काढायचं सूत्र असं: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले (एफ नंबर गुणिले ग्राह्य धूसरता). ग्राह्य धूसरता म्हणजे बिंदूचा ठिपका किती पसरला तरी शार्पच मानायचा ती मर्यादा. धूसरतेची नेहमीची मर्यादा ०.०३ मिमी धरतात, पण ती छोट्या प्रिंटसाठी ठरवलेली जुनी मर्यादा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा असतो, म्हणजे ०.०३ मिमीचा ठिपका पाच पिक्सेलवर पसरतो आणि १०० टक्क्यांवर पाहिलं की लगेच डोळ्यांत येतो. स्टॅकिंगसाठी मी ०.०१५ धरतो. मग २४ मिमी, एफ ८ ला हायपरफोकल अंतर येतं ४.८ मीटर.

आता तुमच्या तीन फ्रेम या आकड्याशी ताडून बघा. ३० सेंटिमीटरवर फोकस केलेल्या फ्रेममध्ये साधारण २८ ते ३२ सेंटिमीटर एवढंच शार्प आहे. मीटरभरावरच्या फ्रेममध्ये ८३ सेंटिमीटर ते १.२६ मीटर. डोंगरावरच्या फ्रेममध्ये ४.८ मीटरपासून पुढे. म्हणजे ३२ ते ८३ सेंटिमीटर आणि १.२६ ते ४.८ मीटर हे दोन टापू तुमच्या एकाही फ्रेममध्ये शार्प नाहीत. तुम्हाला दिसताहेत ते दोन पट्टे हेच. जे टिपलंच गेलं नाही ते ब्लेंड करून कुठून येणार?

फ्रेम किती लागतील ते मोजायची एक सोपी रीत आहे आणि ती पाठ करून ठेवण्यासारखी आहे. हायपरफोकल अंतरावर फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत शार्प मिळतं. पुढची फ्रेम हायपरफोकलच्या एक तृतीयांश अंतरावर घेतली की ती एक चतुर्थांश ते निम्म्यापर्यंतचा भाग व्यापते. त्यापुढची एक पंचमांशावर, मग एक सप्तमांशावर, असं विषम आकड्यांनी भागत जायचं. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमला बरोबर टेकते. यातूनच फ्रेमची संख्या निघते: हायपरफोकल अंतर भागिले सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराची दुप्पट. तुमच्या बाबतीत ४.८ भागिले ०.६, म्हणजे ८. तुम्ही घेतल्या ३.

हे उत्तर एफ नंबरवर आणि फुलाच्या अंतरावर ठरतं, त्यामुळे 'इतक्या फ्रेम घ्या' असा एक आकडा कुणालाच देता येणार नाही. एफ ११ ला तेच हायपरफोकल अंतर ३.५ मीटर होतं. कॅमेरा जरा मागे घेऊन जवळचं फूल ४५ सेंटिमीटरवर ठेवलं तर ३.५ भागिले ०.९, म्हणजे चार फ्रेममध्ये काम होतं. फोकसची अंतरं येतात साधारण ३.५ मीटर, १.१७ मीटर, ७० सेंटिमीटर आणि ५० सेंटिमीटर. यात डोंगरावर फोकस केलेली एक फ्रेम जास्तीची घ्यायची, कारण हायपरफोकलवर फोकस केल्यावर अनंत जेमतेम मर्यादेत बसतं आणि दूरच्या कड्यावरचे बारकावे थोडे मऊ पडतात. वर जवळच्या टोकाला एक-दोन फ्रेम अधिक. तिथे अंतराचा अंदाज दोन-तीन सेंटिमीटरने चुकला तरी खिंडार पडतं. शिवाय लेन्सवरचे आकडे सेन्सरपासून मोजलेले असतात आणि सूत्रातलं अंतर लेन्सपासूनचं. लांबवर हा फरक नगण्य आहे, ३०-४० सेंटिमीटरवर नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोल आणि त्यातून जाणारी रेघ अशी खूण असते, ती सेन्सरची जागा. म्हणजे एकूण सहा-सात फ्रेम. कार्डावर जागा असते, तेव्हा कमी घेण्यापेक्षा जास्त घेतलेल्या बऱ्या.

मग एफ २२ ला एकाच फ्रेममध्ये का उरकू नये, हाही प्रश्न नेहमी येतो. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो. एफ २२ ला एका बिंदूची चकती साधारण ०.०३ मिमीची होते, म्हणजे पाच पिक्सेल. फुलापासून डोंगरापर्यंत सगळंच सारखं मऊ होतं आणि शार्पनिंगने ते पूर्ण परत येत नाही. एफ ११ ला ती चकती साधारण ०.०१५ मिमी असते. म्हणून फुलफ्रेमवर लॅंडस्केप स्टॅकसाठी एफ ११ वर मी स्थिरावलो आहे. वारा फार असेल तर एफ ८, आणि पुढे सांगतो ती कडा फार त्रास देत असेल तर एफ १३. एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर हेच काम एफ ८ ला करा.

आणि जवळची वस्तू पावणेदोन मीटरच्या पलीकडे असेल तर स्टॅकिंगच्या वाटेला जाऊच नका. २४ मिमी, एफ ११, साडेतीन मीटरवर फोकस, एक फ्रेम, काम झालं. पठारावर उभ्या उंचीवरून घेतलेल्या बहुतेक फोटोंना स्टॅकची गरजच नसते. गरज पडते ती कॅमेरा गुडघ्याच्या खाली उतरवला की.

आता धूसर कडा. जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ लोक इथेच वाया घालवतात. डोंगरावर फोकस केलेली तुमची फ्रेम १०० टक्क्यांवर उघडा आणि पुढचं फूल बघा. धूसर झालेलं फूल आपल्या मूळ आकारापेक्षा मोठं दिसतं, पाकळ्यांचा गुलाबी रंग बाहेर सांडलेला असतो. त्या सांडलेल्या रंगाखाली डोंगराचा जेवढा भाग दबला, तो त्या फ्रेममध्ये शार्प नाही. फुलावर फोकस केलेल्या फ्रेममध्ये फुलाची कड रेखीव आहे आणि तोच डोंगराचा भाग उघडा आहे, पण तिथे डोंगर धूसर आहे. म्हणजे फुलाच्या कडेने एक अशी पट्टी उरते जिथे मागचा डोंगर कुठल्याच फ्रेममध्ये नीट नाही. सॉफ्टवेअरला तिथे सांडलेला गुलाबी किंवा धूसर डोंगर यांतलं एक उचलावं लागतं, आणि कुठलंही उचललं तरी ते दिसतं.

ही पट्टी किती रुंद असेल तेही काढता येतं. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागलं की लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळतो. २४ मिमी, एफ ८ ला ३ मिमी. छिद्राचा व्यास गुणिले फोकल लेंग्थ भागिले फुलाचं अंतर, म्हणजे ३ गुणिले २४ भागिले ३००, बरोबर ०.२४ मिमी. ही झाली धूसर चकती, ४० पिक्सेलची. तिच्यातली निम्मी फुलाच्या कडेबाहेर पडते, म्हणून तुमची पट्टी २० पिक्सेलची. एफ ११ आणि ४५ सेंटिमीटर केलं की हीच पट्टी साधारण १० पिक्सेलवर येते. फ्रेम आठाच्या चार झाल्या आणि कडा निम्मी झाली, दोन्ही फायदे फक्त १५ सेंटिमीटर मागे सरकून आणि छिद्र एक स्टॉप बंद करून, म्हणजे उजेड निम्मा करून. फोटोतली फुलाची भव्यता थोडी कमी होते हे खरं, पण ४५ सेंटिमीटरवरही २४ मिमी लेन्सला तेरडा चांगलाच अंगावर येतो. उलट ५० मिमी लेन्सने असा स्टॅक करायला गेलात तर एफ ११ आणि ३० सेंटिमीटरला ती चकती सव्वाशे पिक्सेलच्या घरात जाते. लांब लेन्सने जवळचं फूल आणि दूरचा डोंगर एकत्र बांधायचा हट्ट म्हणूनच धरू नये.

कडेचा दुसरा उपाय मांडणीत आहे. फुलामागे काय येतंय ते बघा. मागे लगतचंच गवत असेल तर अंतर हळूहळू वाढतं, शेजारच्या फ्रेममध्ये फूल फारसं धूसर होत नाही आणि पट्टी जवळजवळ दिसत नाही. मागे मोकळं आकाश असेल तरी निभावतं, कारण धूसर आकाश आणि शार्प आकाश यांत फरक नसतो. तिथे फुलाभोवतीचं आकाश सरळ फुलाच्या फ्रेममधून घ्यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे जवळच्या फुलाचा तुरा थेट दूरच्या झाडीवर किंवा कड्यावर येणं. तिथे बारकावे आहेत, त्यामुळे १०-२० पिक्सेलची धूसर पट्टीसुद्धा लपत नाही. कॅमेरा दहा सेंटिमीटर वर-खाली केला की फूल झाडीवरून गवतावर किंवा आकाशावर जातं. मॉनिटरवर दोन तास मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) रंगवण्यापेक्षा हे दहा सेंटिमीटर स्वस्त.

तिसरा आजार वारा. कासला फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवरचा उघडा सडा, त्यामुळे वारा क्वचितच थांबतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास त्यातल्या त्यात शांत. एफ ११, आयएसओ १०० ला ढगाळ सकाळी शटर १/१५ सेकंदावर येतं आणि एवढ्या वेळात फूल हलतंच. जवळच्या फ्रेमसाठी आयएसओ ८०० करा, शटर १/१२५ होईल, उजेड तोच राहील. आयएसओ तीन स्टॉप वर, शटर तीन स्टॉप वेगवान. लांबच्या फ्रेमना परत आयएसओ १००. पुढच्या गवत-फुलांच्या पोतात आयएसओ ८०० चा नॉइझ लपून जातो. आकाशात तो दिसला असता, पण आकाश आयएसओ १०० च्या फ्रेममधून येणार आहे. प्रत्येक जवळच्या फोकसवर एकाऐवजी पाच-सहा फ्रेम घ्या, वारा पडला की लागोपाठ. मग घरी निवडताना प्रत्येक अंतराची सगळ्यात स्थिर अशी एकच ठेवा. सगळ्याच्या सगळ्या सॉफ्टवेअरला दिल्या की दुहेरी-तिहेरी फुलं आपण होऊन मागवल्यासारखं होतं.

नियम एवढाच: एक फूल, एक फ्रेम. मुख्य फूल देठासकट एकाच फ्रेममधून आलं पाहिजे, मग ते दुसऱ्या फ्रेममध्ये कितीही हललेलं असो. फोकस टाकताना फूल अर्धं या फ्रेममध्ये, अर्धं त्या फ्रेममध्ये असं विभागू नका. ३२ सेंटिमीटरवर फोकस, एफ ११ ला शार्प टापू साधारण २९ ते ३५ सेंटिमीटरचा असतो, सहा सेंटिमीटरची खोली. तेरड्याचं एक फूल त्यात सहज मावतं, पूर्ण गुच्छ मात्र मावेलच असं नाही. म्हणून गुच्छातलं कुठलं फूल नायक ते आधी ठरवा आणि त्याच्या मध्यावर एक फ्रेम नेमकी घ्या, गणितातून येणारी फ्रेम जरा पुढे-मागे पडली तरी चालेल.

पठारावरची बाकीची तयारी पटकन सांगतो. एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून टाका, ऑटो नको. ढगातून ऊन-सावली चालू असेल तर सगळा क्रम एकाच प्रकाशात संपवायचा प्रयत्न करा. मधेच ऊन पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करायला सांगितलं असेल तर बंद करा. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. फोकस लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, जवळच्या आणि दूरच्या फ्रेमच्या कडा जुळत नाहीत, म्हणून चारी बाजूंनी साधारण पाच टक्के जागा मोकळी सोडून फ्रेम बांधा. पावसाचे बारीक थेंब लेन्सवर बसलेत का ते प्रत्येक क्रमाआधी बघा. एक थेंब राहिला तर तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या आकाराचा दिसतो आणि ब्लेंड झाल्यावर त्याचे डाग उरतात.

कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग असेल तर जरूर वापरा. निकॉनवर त्याला फोकस शिफ्ट शूटिंग म्हणतात, डी८५० मध्ये ते २०१७ साली आलं. कॅननच्या बऱ्याच मिररलेस बॉडींमध्ये फोकस ब्रॅकेटिंग या नावाने आहे. सोनीने ते ए७आर ५ मध्ये २०२२ ला दिलं. निकॉन आणि कॅननमध्ये तुम्ही जिथे फोकस ठेवता तिथून कॅमेरा अनंताकडे सरकत जातो, म्हणून सुरुवात सगळ्यात जवळच्या पाकळीच्याही किंचित अलीकडून करा. पायरीचा आकडा १ ते १० असतो, पण तो सेंटिमीटर नव्हे. प्रत्येक लेन्सवर घरी, फरशीवर मोजपट्टी अंथरून एकदा करून बघा. वारा असताना मात्र हा स्वयंचलित क्रम जवळच्या फुलांसाठी कामाचा नाही. कॅमेरा वारा पडायची वाट बघत नाही.

ट्रायपॉडचे पाय कुठे टेकवता यावर मी हटून सांगतो. कासचा सडा जांभ्याचा आहे, वर मातीचा पातळ थर, आणि गेंद, सीतेची आसवं, तेरडा हे सगळं त्या थरावर तगून असतं. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून असलेली ही जागा आहे. पाय मळलेल्या वाटेवर किंवा उघड्या कातळावरच टेकवा. कातळावर ट्रायपॉड हलतही नाही, ओल्या मातीत तो क्रम चालू असताना मिलिमीटरने खचतो आणि अलाइनमेंट बिघडते. हवी ती चौकट वाटेवरून मिळत नसेल तर ती चौकट सोडून द्या.

आता कॉम्प्युटर. सगळ्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) एकत्र निवडून एकावर केलेली सेटिंग सगळ्यांना लावा. व्हाइट बॅलन्स, लेन्स प्रोफाइल आणि रंगीत कडा काढणं या टप्प्यावर. शार्पनिंग शून्य किंवा अगदी कमी. लाइटरूममध्ये रॉ फाइलला ते आपोआप ४० असतं, ते खाली आणा. कारण स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर 'शार्प' म्हणजे शेजारच्या पिक्सेलांमधला फरक एवढंच ओळखतं. शार्पनिंगमुळे वर आलेला नॉइझही त्याला बारकावा वाटतो आणि धूसर आकाशातले तुकडे ते नको त्या फ्रेममधून उचलतं. टेक्स्चर, क्लॅरिटी, डीहेझ सगळं स्टॅक झाल्यावर. आयएसओ ८०० च्या फ्रेमना थोडं नॉइझ रिडक्शन आधीच द्या.

फोटोशॉपमध्ये लाइटरूममधून 'ओपन अॅज लेयर्स' करा, १६ बिटमध्ये. लेयर जवळून लांब अशा क्रमाने लावा. सगळे निवडून एडिट मेन्यूतलं ऑटो-अलाइन लेयर्स, प्रोजेक्शन ऑटो. इथे एक पायरी मधे घाला: अलाइन झालेले लेयर डुप्लिकेट करून एका ग्रुपमध्ये ठेवा आणि ग्रुप बंद करा. पुढे हाताने दुरुस्ती करताना हेच लेयर लागतात, आणि ब्लेंड झाल्यावर ते परत मिळवायला पुन्हा अलाइन करत बसावं लागतं. मग मूळ लेयर निवडून ऑटो-ब्लेंड लेयर्स, 'स्टॅक इमेजेस', आणि 'सीमलेस टोन्स अँड कलर्स'वर खूण. एक्स्पोजर सगळीकडे सारखं असेल तर ही खूण काढूनही एकदा करून बघा, कधी कधी आकाशातले डाग तिच्यामुळेच येतात. कंटेंट-अवेअर फिलची खूण नको. कडेच्या रिकाम्या जागा क्रॉप करा. १६ बिट २४ मेगापिक्सेलचा एक लेयर साधारण १४४ एमबी असतो, सातांचा एक जीबी, वर डुप्लिकेट. पीएसडीची २ जीबीची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून पीएसबीमध्ये, फोटोशॉपच्याच मोठ्या फाइलींसाठीच्या प्रकारात, सेव्ह करा.

ब्लेंडनंतर आकाशाचा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडू नका. ढग फ्रेमागणिक सरकलेले असतात आणि ऑटो-ब्लेंड प्रत्येकातला तुकडा घेऊन गोधडी शिवतं. बाजूला ठेवलेल्या ग्रुपमधला डोंगरावर फोकस असलेला लेयर वर आणा, काळा मास्क द्या आणि पूर्ण आकाश व डोंगर त्यातून रंगवून घ्या. मग नायक फुलाचा लेयर त्याच्याही वर आणा, काळा मास्क, पांढरा ब्रश, हार्डनेस ३० ते ५० टक्के, चित्र २०० टक्क्यांवर. फूल भरा आणि कडेबाहेर त्या धूसर पट्टीएवढंच, म्हणजे १०-१५ पिक्सेल जा. ब्रशचा आकारही साधारण तेवढाच ठेवा. पट्टीत आता सांडलेल्या गुलाबीऐवजी धूसर डोंगर दिसेल, आणि रेखीव फुलामागे थोडा मऊ डोंगर डोळा सहज स्वीकारतो. गुलाबी झिरमिळ्या मात्र लगेच खटकतात. दोन वाईटांतलं बरं कुठलं, एवढाच इथे प्रश्न असतो.

पठार सपाट असेल, म्हणजे फोटोच्या तळापासून क्षितिजापर्यंत अंतर एकसारखं वाढत असेल, तर ऑटो-ब्लेंड न करताही उत्तम काम होतं. अलाइन झालेले लेयर घ्या, दूरचा सगळ्यात खाली, जवळचा सगळ्यात वर, आणि प्रत्येकाला ग्रेडियंट मास्क द्या. जिथे एका फ्रेमचा शार्प टापू संपून दुसरीचा सुरू होतो तिथे काळ्या-पांढऱ्याची सीमा. गवताच्या पात्यात ही सीमा विरघळते. उभी फुलं तेवढी ब्रशने वेगळी भरा. कासच्या फोटोंना मी आधी हीच पद्धत लावून बघतो, कारण ऑटो-ब्लेंडने पात्यापात्याला वेगळी फ्रेम निवडून केलेला गोंधळ यात मुळातच होत नाही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरची गरज कधी? गवताची पाती आणि देठ एकमेकांवर आडवेतिडवे आले असतील आणि फ्रेम दहाच्या वर असतील तेव्हा हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही खास स्टॅकिंगची सॉफ्टवेअर खरंच पुढे आहेत. हेलिकॉनमध्ये तीन पद्धती आहेत. बी ही अंतराचा नकाशा बनवून चालते, रंग आणि पोत प्रामाणिक ठेवते, पण तिला फ्रेम क्रमानेच लागतात. बारीक गवताला रेडियस ८ वरून ४-५ आणि स्मूदिंग ४ वरून २ करून बघा. सी ही पिरॅमिड पद्धत, एकमेकांवरून जाणाऱ्या देठांना सगळ्यात चांगली, पण नॉइझ आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. झेरीनमध्ये हीच जोडी डीमॅप आणि पीमॅक्स या नावांनी आहे. माझी पद्धत अशी की आधार बीचा घ्यायचा आणि जिथे देठ तुटलेत तिथे सीचा निकाल ब्रशने आणायचा. हेलिकॉन आणि झेरीन दोन्हींत रीटचिंगचा ब्रश आहे, त्याने मूळ फ्रेममधलं फूल थेट रंगवता येतं. 'एक फूल, एक फ्रेम' तिथे फार पटकन जमतं. फुकटात करायचं तर ह्युजिन या पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज ही साधनं आहेत. एनफ्यूजला एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं १ आणि हार्ड मास्क सांगायचं. कडेची पट्टी मात्र यांतलं कुणीच घालवत नाही, हे पैसे भरण्याआधी लक्षात ठेवा.

धुकं असेल तर कुठल्याही ऑटो पद्धतीवर विसंबू नका. कॉन्ट्रास्टच नसल्यामुळे सॉफ्टवेअर नॉइझमागे धावतं. तिथे ग्रेडियंट मास्कच.

तयार फोटो तपासताना १०० टक्क्यांवर तळापासून वर एकेक आडवा पट्टा बघत जा. आडवा धूसर पट्टा दिसला तर फ्रेम सुटली आहे. फुलाच्या कडेला रंग सांडलेला दिसला तर मास्क. देठ दोन दिसले तर वारा. गवतात मधेच एखादं धूसर बेट दिसलं तर सॉफ्टवेअरने फ्रेम चुकीची निवडली आहे, बाजूला ठेवलेल्या लेयरमधून ते भरून निघतं. शार्पनिंग हे सगळं आटोपल्यावर.

आता तुमच्या तीन फ्रेमचं. पूर्ण आकाराच्या प्रिंटसाठी त्या वाचणार नाहीत. पण रुंदी ६००० वरून २००० पिक्सेलवर आणलीत तर धूसरतेची मर्यादा तिप्पट सैल होते, ०.०४५ मिमी, आणि हायपरफोकल अंतर १.६ मीटरवर येतं. मग मीटरभरावरची फ्रेम साधारण ६२ सेंटिमीटर ते २.७ मीटर व्यापते आणि डोंगराची फ्रेम १.६ मीटरपासून पुढे. दुसरा पट्टा नाहीसा होतो. पहिला आक्रसून ३७ ते ६२ सेंटिमीटर एवढा उरतो. तिथे ऑटो-ब्लेंड काढून टाका आणि पहिल्या दोन लेयरच्या मधे लांब, सावकाश ग्रेडियंट मास्क द्या, म्हणजे फोकस पट्ट्यासारखा तुटणार नाही, हळूच मऊ होऊन परत येईल. आकाश आणि डोंगर पूर्णपणे तिसऱ्या फ्रेममधून. फुलं पूर्णपणे पहिल्या फ्रेममधून, ब्रशने, दुहेरी झालेली तर नक्कीच. २० पिक्सेलची कडा छोट्या आकारात सहा-सात पिक्सेलची होईल, ती वर सांगितल्याप्रमाणे फुलाच्या लेयरमधूनच भरा. मास्कचं सगळं काम मूळ आकारात करा आणि रुंदी अगदी शेवटी कमी करा.